हळदीचे दोन शॉट

मुलींचं बालगृह, जालना
४ मे २०२५

दादा,

काल तू आल्तास आणि मी खाली आले नाही. मॅडमनी दोनदा विचारलं, "भाऊ आलाय, भेटणार का?" मी नको म्हणले. मंग त्या म्हणाल्या, "तो एकच विचारून राह्यलाय, फोन कोणी केला म्हणून." त्याचं उत्तर द्यायला हा कागद मागून घेतला.

फोन मी केला. तुझ्याच मोबाईलवरून केला.

पुढचं तुला सगळं माहीत आहे. पण तू बाहेर लोकांना काय सांगून राह्यलायस ते मला माहीत नाही, म्हणून माझ्याकडून एकदा लिहिते.

तू मला न्यायला बदनापूरच्या होस्टेलवर आलास तेव्हा मी मैत्रिणींना ओरडून सांगत होते, माझ्या दादाचं लग्न आहे! प्रीती मलाही आवडायची. तिच्या घरचे तुला नाही म्हणायचे, कारण बालविवाह थांबवणाऱ्या संस्थेत व्हिडिओ काढायची नोकरी ही त्यांना नोकरीच वाटत नव्हती. आता हो म्हणाले, म्हणून मला तुझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. राजूरला गाडी थांबवून तू मला उसाचा रस पाजलास. मी विचारलं, "कसे काय मानले रे ते?" तू म्हणालास, "मानले कसे तरी. तू पी." मी प्याले.

चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, गावात पडदा लावून तू आपला व्हिडिओ दाखवलास. मी नववीत असताना काढलेला. त्यात काम करायला कोणाचीच पोरगी मिळेना, म्हणून तू मला उभं केलं होतंस. बाप कोणी होईना, म्हणून गल्लीतल्या भुजंगमामाला धोतर नेसवून आणलंस. त्या दिवशीही माणसं टाळ्या वाजवत होती. पडद्यावर मी म्हणत होते, 'मला शिकायचंय, आणि माझं लग्न लावलं तर मी दहा-नऊ-आठ या पोरांच्या मदतीच्या नंबरला फोन करीन.' टेंभुर्णीहून आलेले पाहुणे बाबांना म्हणाले, "पुंजाराम, पोरगी वाघीण हाये तुही." बाबा खाली बघून हसले. ते खाली का बघत होते, ते मला तेव्हा कळलं नाही.

मंग तुझ्या हळदीचा दिवस. तू म्हणालास, "अक्षू, मांडव आयताच हाये. तू बी जरा हळद लावून बस. नवरीचे दोन शॉट घेऊन टाकू, नव्या व्हिडिओला कामा येतील." मी बसले. काकूनं गालाला हळद लावली, हाताला लावली. तू मोबाईल स्टँडवर लावून सांगत होतास, "हसू नको. उदास बघ जरा." मला हसूच आवरत नव्हतं.

तेवढ्यात आई आली. तिच्या हातात हिरवा चुडा होता. कॅमेरा दिसला की आई पदर सारखा करते, लाजते. त्या दिवशी ती कॅमेऱ्यासमोर सरळ रडत आली. मी म्हणले, "आई, शूटिंग चालूये." ती म्हणाली, "शूटिंग न्हाई माय. उद्या तुहं बी हाये. प्रीतीच्या भावासंग, नागसेनसंग. एकाच मांडवात दोन्ही."

मी तुझ्याकडे बघितलं. तू मोबाईलकडे बघत होतास.

"दादा, आई काय बोलून राह्यली?"

"नंतर बोलू," म्हणालास, आणि स्टँडचे पाय मिटायला लागलास.

बाया गोळा झाल्या. कोणी म्हणाली, साटंलोटं चांगलंच असतं, दोन्ही पोरी सुखात राहतात. कोणी म्हणाली, नागसेन अंकुशनगरला कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो, खाऊनपिऊन बरा आहे. मी रडले नाही. बराच वेळ मला वाटत राहिलं, की दादा आता बोलेल. एवढ्या गावांत जाऊन बोलतो, तो इथं गप्प कसा राहील? नंतर मी तुझ्याकडे गेले आणि म्हणले, शॉट कसे आले ते बघू दे. तू मोबाईल दिलास. तुला केवढं बरं वाटलं ते तुझ्या चेहऱ्यावर दिसलं मला. पोरगी मानली, असं वाटलं ना तुला?

न्हाणीत जाऊन फोन लावला. तिकडच्या बाईंनी वय विचारलं, गाव विचारलं. लग्न कोणाचं आहे विचारलं. माझंच आहे म्हणले. मंग त्या म्हणाल्या, "घरात असं कोणी आहे का बाळा, ज्याच्यावर तुझा विश्वास आहे?" मी म्हणले, होता एक जण.

सकाळी ग्रामसेवक आले, पोलीस आले, बालसंरक्षणच्या मॅडम आल्या. बाबा म्हणाले, पोरगी अठराची आहे. मॅडमनी तुला ओळखलं. "तुम्ही ते व्हिडिओवाले ना? तुम्हीच भाऊ? मग तुम्ही सांगा, हिचं वय काय?" सगळा मांडव तुझ्याकडे बघत होता. मीही बघत होते.

तू म्हणालास, "मला नक्की सांगता येणार न्हाई."

दरवर्षी ऑक्टोबरात माझ्या वाढदिवसाला जालन्याहून केक घेऊन येतोस. मेणबत्तीचे आकडे तूच आणतोस. तुला नक्की सांगता येणार नाही?

मंग मीच सांगितलं, सोळा चालूये. आणि घरी जाणार नाही, हेही मीच सांगितलं.

बाबांचं मला फार नवल वाटत नाही. माणसं त्यांना घेरतात आणि ते हो म्हणून बसतात. त्यांनी तुलाही दाबलं असेल. प्रीतीच्या घरच्यांनी अट घातली असेल. तू कोंडीत सापडला असशील. मी रोज तुझ्यासाठी काहीतरी कारण शोधून काढते. खरं कारण तू सांग. का बोलला नाहीस?

अक्षता


जालना
१९ मे २०२५

दादा,

तुझं पत्र मिळालं. 'बाबांपुढं आणि पाव्हण्यांपुढं माझं काही चाललं नाही,' असं लिहिलंस. ते वाचून मला बरं वाटलं होतं. खरंच. मी त्या रात्री जेवले पोटभर.

काल आई आली. तिला मी तुझं पत्र वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही, हे तुझ्या ध्यानात असेल, पण ऐकता येतं हे नसावं. ती ऐकत गेली आणि तिचं तोंड उतरत गेलं. मी विचारलं, काय झालं. जायची वेळ झाली, चपला घातल्या, तेव्हा म्हणाली, "बापाचं नाव नगं घेऊ माय. त्यो तं नगं म्हणत व्हता."

मी तिला पुन्हा खाली बसवलं.

ती म्हणाली, प्रीतीच्या घरी बोलणी करायला गेल्तो तेव्हा तिचा बाप म्हणाला, आमची पोरगी तुमच्या भरवशावर कशी द्यायची? मंग तू बोललास. "आमची अक्षता देतो की नागसेनला. मंग तं भरवसा ऱ्हाईल?" त्यांनी मला मागितलंच नव्हतं. त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. बाबा तिथंच म्हणाले, पोरगी शिकून राह्यली, तिला शिकू द्या. आणि तू बाबांना समजावलंस, "दोन वर्सांनी द्यायचीच हाये. आताच दिली तं काय बिघडलं?"

हे वाक्य तूच लिहिलं होतंस, दादा. व्हिडिओतल्या बापासाठी. भुजंगमामाला ते पाठ होईना, तर तू त्याला ओट्यावर बसवून घोकून घेतलं होतंस. तो पुन्हापुन्हा चुकायचा आणि आपण सगळे हसायचो.

आईला मी म्हणले, तू का गप्प राहिलीस? ती म्हणाली, "माह्या लेकरानं माह्याच लेकराला दिलं. म्या कोणाकून बोलू?" तिचा मला राग आला नाही, असं नाही. पण ती बसमध्ये उभं राहून आली होती, आणि डब्यात माझ्यासाठी ठेचा आणि भाकरी होती. तिच्यावर मी ओरडू शकले नाही. ते तुझ्यासाठी राहिलं आहे.

आणि तुझ्या पत्रातलं शेवटचं. तू लिहिलंस की संस्थेत विचारणा चालूये, तिथल्या प्रमुख मैमूना बाजी तुला कामावर ठेवायचं की नाही ते ठरवतील, तर मी एक छोटा व्हिडिओ करून द्यावा. 'माझ्या दादानंच मला फोन करायला मोबाईल दिला,' एवढंच म्हणायचं. वर लिहिलंस, "यात खोटं काहीच नाही."

खरंच नाही. मोबाईल तूच दिला होतास.

मी असा व्हिडिओ करणार नाही. मला आता पत्र लिहू नको.

अक्षता


होस्टेल, बदनापूर
२७ जुलै २०२५

संघपाल,

बालकल्याण समितीनं मला होस्टेलवर परत जायची परवानगी दिली. बारावीचे वर्ग सुरू झाले. पत्र लिहू नको म्हणले होते, आणि आता मलाच लिहावं लागतंय.

परवा जेवणाच्या रांगेत एक पोरगी पळत आली. "अक्षता, तुझा भाऊ किती भारी आहे गं!" तिनं मोबाईल पुढं केला. माझ्याच चेहऱ्यावर हळद होती. तुझ्या हळदीच्या दिवशीचे ते शॉट. खाली सनईचं उदास संगीत. मंग जुन्या व्हिडिओतला माझा आवाज, 'माझा दादा माझ्या पाठीशी उभा राहिला, म्हणून मी वाचले.' आणि शेवटी तू. निळा सदरा घालून, मागं झाड. "माझ्या स्वतःच्या घरात हे घडत होतं. मी ते थांबवलं. तुम्ही पण थांबवा."

दादा पाठीशी उभा राहिला, हे वाक्य जुन्या व्हिडिओतल्या पोरीचं होतं. तू लिहून दिलेलं. मी नववीत होते, आणि म्हणताना मला खरंच वाटायचं की ते माझंच आहे.

पोरी माझ्याभोवती जमल्या. कोणी म्हणाली, असा भाऊ सगळ्यांना मिळावा. माझ्या हातात ताट होतं. मी ताट ठेवून खोलीत गेले आणि उशीत तोंड खुपसून ओरडले.

तुझ्या कामासाठी मी काय नाही केलं? उन्हात उभी राहिले. गावातल्या पोरांनी 'हिरोईन आली' म्हणून चिडवलं, ते ऐकून घेतलं. दहावीला माझ्या वर्गातल्या दोघी शाळेत टिकल्या, त्या आपला व्हिडिओ बघून. त्यातल्या एकीच्या आईनं मला बोलावून खीर खाऊ घातली होती. मला वाटायचं आपण दोघं मिळून हे करतोय. तू मला एकदा नागसेनला दिलंस. आता माझा चेहरा आणि माझा आवाज सगळ्या जिल्ह्याला वाटलास.

मी मैमूना बाजींना फोन केला. त्या दुसऱ्याच दिवशी होस्टेलवर आल्या. तुला वाटत असेल मी रडून तक्रार केली. नाही. मी त्यांना घडलं ते सांगितलं. मंग म्हणाल्या, "बेटा, त्याला काम मी शिकवलं. लोकांच्या काळजाला हात कसा घालायचा ते शिकवलं. ते तो बराबर शिकला." त्यांचे डोळे भरून आले होते. तुला कामावरून काढलं, ते माझ्या सांगण्यावरून नाही. अल्पवयीन मुलीचा चेहरा दाखवायचा नसतो, हे तूच इतर पोरांना शिकवायचास, असं त्या म्हणाल्या. व्हिडिओ त्यांनी काढायला लावला. पण जो गावागावाच्या ग्रुपवर गेला, तो कसा परत आणायचा?

आणखी एक. प्रीती येऊन गेली.

मला वाटलं भांडायला आली. आम्ही स्टेशनाकडच्या रस्त्यावर चहाच्या टपरीशी बसलो. ती म्हणाली, "मला तुझ्या भावानं सांगितलं व्हतं, अक्षताला अठरा पुरे झाले, अन् ती खूश हाये. म्या विचारलं व्हतं गं. दोनदा विचारलं व्हतं." मांडवात माझं वय कळल्यापासून ती तुझ्याशी बोललेली नाही. घरच्यांनी खूप समजावलं, की संघपालशी लग्न तर होऊ दे, अक्षताचं पुढं बघू. तिनं नाही म्हणून सांगितलं. नागसेनला म्हणे वाटलं, मी त्याला नाकारलं. तिनं त्याला सांगितलं, "ती पोरगी हाये अजून, तुला कळत न्हाई का?"

जाताना तिनं विचारलं, "तो असाच व्हता का गं पह्यल्यापासून?"

तू मला सायकल शिकवलीस. पावसाळ्यात ओढ्याला पाणी यायचं तेव्हा खांद्यावर बसवून शाळेत नेलंस. ते खोटं होतं असं मला म्हणता येत नाही. म्हणून तर जास्त लागतं.

अक्षता


बदनापूर
१४ डिसेंबर २०२५

दादा,

मैमूना बाजींनी तुझा नवा व्हिडिओ मला दाखवला. तू त्यांच्याकडे पाठवलास, आणि 'अक्षता हो म्हणाली तरच टाकीन' असं कळवलंस, म्हणून पूर्ण बघितला.

त्यात सगळं आहे. प्रीतीच्या घरी तू काय बोललास ते आहे. मांडवात माझं वय माहीत असून नाही सांगितलंस, ते आहे. माझा चेहरा नाही, नाव नाही. खोटं काही नाही. पहिल्यांदा बघून मला रडू आलं.

दुसऱ्यांदा बघितला, तेव्हा दिसलं की खिडकीतून ऊन तुझ्या अर्ध्या चेहऱ्यावर पडतंय. ते ऊन तिथं येईपर्यंत तू थांबला असशील. रडण्याच्या आधी तू जरासा थांबतोस, तसं तू मलाही थांबायला शिकवलं होतंस. शेवटी बासरी आहे.

हे बघून लोक काय म्हणतील सांगू? 'केवढा मोठ्या मनाचा माणूस.' आणि तुझं पुन्हा नाव होईल. माझ्यावर झालेलं तू पुन्हा तुझंच करून टाकशील. तुला हे कळत नाही, असंही असेल. मला वाटतं तुला खरंच वाईट वाटून राह्यलं आहे. पण तुला मोबाईलसमोरच वाईट वाटता येतं.

माझं उत्तर नाही. टाकू नको.

बाजींसोबत मी आता दुसरं काम करते. फक्त आवाज. माझं नाव नाही, गाव नाही. दोन-तीन मिनिटांचं बोलणं, आपण घरी बोलतो तसं, आणि ते बायांच्या ग्रुपवर जातं. कापूस वेचताना एक जण मोबाईल कमरेला खोचते आणि सगळ्या ऐकतात. मी सांगते की पोरीला फसवून हळद कशी लावतात. सांगते, की जो सगळ्यांत जास्त लाड करतो त्यालाही विचारा, तारीख कोणती, मांडव कोणाचा. बाया उलट आवाज पाठवतात. एकीनं विचारलं, "बाई, मंग घरात भरवसा कोणावर ठेवावं?" त्याचं उत्तर मी अजून पाठवलं नाही.

तुला खरंच काही करायचं असेल तर एक कर. आईनं सांगितलं, भुजंगमामा त्याच्या पोरीचं, करुणाचं, लग्न जमवून राह्यला. करुणा पंधराची आहे, नववीत. तू त्याच्या घरी जा. त्याला सांग, तू काय केलंस आणि त्याचं काय झालं. अंगणात, माणसं असतील तेव्हा. मोबाईल घरी ठेवून जा.

अक्षता


बदनापूर
८ फेब्रुवारी २०२६

दादा,

आई सांगत होती. तू गेल्तास म्हणे. पहिल्यांदा भुजंगमामानं दारातूनच परत पाठवलं. "तू मला शिकवू नको. तुह्या भनीचं काय केलंस ते अख्ख्या गावानं पाह्यलं." तू तसाच माघारी आलास आणि जेवला नाहीस.

मंग पुन्हा गेलास. त्याच्याकडे चार माणसं बसली होती, बाबाही होते. तू उभ्याउभ्या सगळं सांगितलंस. आई म्हणाली, नीट बोलता येत नव्हतं, मधेच अडखळत होतास, एक गोष्ट दोनदा सांगितलीस. कोणीतरी हसलं. बाबा मात्र ऐकत होते. प्रीतीच्या घरी त्यांनी नको म्हटलं होतं, हेही तू चारचौघांत सांगितलंस. आई म्हणाली, तेव्हा बाबा उठून तुझ्याजवळ येऊन उभे राहिले. एवढंच.

भुजंगमामा शेवटी म्हणाला, "बघू." त्याचं 'बघू' म्हणजे काय ते तुला माहीत आहे. उन्हाळ्यापर्यंत काहीही होऊ शकतं. बाजींनी ग्रामसेवकांच्या कानावर घातलं आहे. तू जात राहा. एकदा सांगून भागणार नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. आई म्हणते, भाऊ आहे, किती दिवस धरून ठेवशील. मला दिवस माहीत नाहीत. परीक्षा झाली की मी घरी येणार नाही, बाजींकडे राहणार आहे. तू मला भेटायला येऊ नको. आईला येऊ दे, बाबांना येऊ दे.

हे पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी. काल करुणानं शाळेतल्या बाईंच्या मोबाईलवरून मला फोन केला. आधी नुसतीच इकडचंतिकडचं बोलत होती. मंग हळूच विचारलं, "अक्षताताई, संघपालदादा आमच्या अंगणात सांगून राह्यला व्हता, ते खरं हाये का? त्यानंच तुला द्यायचं ठरवलं व्हतं? का आमच्या बापाला भेव घालायला तसं बोलला?"

मी म्हणले, "खरं हाये."

तिनं वहीचं पान उलटलं, तो आवाज आला. मंग म्हणाली, "मंग तो नंबर सांग मला. म्या लिहून घेते."

मी सांगितला, दहा-नऊ-आठ. तिनं परत म्हणून दाखवला.

अक्षता